हौदापासून खाजनापर्यंत

चतुर आणि टाचणी हे ओडोनाटा या एकाच गणातले कीटक. जगभरात त्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. चतुर अंगाने दणकट असतो. त्याचे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात आणि बसला तरी पंख आडवे पसरलेले राहतात. टाचणी बारीक. तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात आणि बसताना ती पंख बहुधा पाठीवर मिटते. दोघांचेही बालपण पाण्यात जाते. मादी पाण्यात किंवा काठच्या वनस्पतीत अंडी घालते. अळी डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्ले, क्वचित बारीक मासेही खात वाढते आणि कोश न करता एके दिवशी पाण्याबाहेर येऊन कात टाकते. म्हणून ज्याला यांची छायाचित्रे काढायची आहेत, त्याला कॅमेऱ्याच्या आधी पाणी कळावे लागते. साचलेले, वाहते, उन्हातले, सावलीतले, खारे; पाणी बदलले की जात बदलते.

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली आणि तिथून घाट उतरून सावंतवाडीमार्गे गोवा हा रस्ता या दृष्टीने फार समृद्ध आहे. ही सगळी पाणी त्यावर एकामागून एक भेटतात. हंगाम गणपती उठल्यानंतरचा. पाऊस विरळ झालेला असतो, ऊन पडू लागते आणि ओढे अजून भरलेले असतात.

सुरुवात पुण्यातच होते, तीही सोसायटीच्या सिमेंटच्या हौदाशी. ग्रॅनाइट घोस्ट या नावाने ओळखला जाणारा ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा मुळात खडकातल्या पावसाळी डबक्यांत वाढणारा चतुर. शहरातले हौद आणि टाक्या त्याला तेवढ्याच मानवल्या. करड्या भिंतीवर तो पंख भिंतीला चिकटवून बसतो आणि अंगावरच्या काळ्या-राखी ठिपक्यांमुळे समोर असूनही दिसत नाही. नजर सरावली की पंखांच्या टोकाजवळची लहानशी चौकट आधी सापडते. मधे काळी, दोन्ही कडांना पांढरी. शिकाऊ छायाचित्रकाराला याच्यासारखा गुरू नाही. तो उडाला तरी थोड्या वेळाने त्याच भिंतीवर परत येतो आणि भिंतीला समांतर बसत असल्याने चारही पंख एकाच पातळीत मिळतात. जवळून चित्र घेताना स्पष्टतेची खोली काही मिलिमीटरच असते. कॅमेऱ्याचा संवेदक कीटकाच्या शरीराला समांतर ठेवला, तरच डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळे रेखीव येते. हा नियम या भिंतीवर शिकावा आणि पुढे प्रत्येक ओढ्यावर वापरावा.

मुठा नदीच्या काठाला, सांडपाण्याच्या वासातही, नारिंगी पंखांचा ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा भरपूर दिसतो. इतर बहुतेक जाती जिथून निघून जातात तिथे हा टिकतो. नदीकाठी तो एकटाच दिसू लागला की पाण्याची तब्येत वेगळी तपासायची गरज उरत नाही. पुण्यात कॅमेरा घेऊन भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाला रखवालदार एकच प्रश्न विचारतो, "कुणाकडे जायचंय?" कुणाकडेच नाही, हे उत्तर त्याला पटत नाही.

साताऱ्याच्या वर कासचे पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत त्याचा २०१२ साली समावेश झाला. लोक तिथे फुलांसाठी जातात. काळ्या पाषाणावर जांभ्याचा थर आणि त्या थरातल्या खळग्यांत पावसाचे पाणी, ही चतुरांची जागा. ही डबकी थोडे महिनेच टिकतात, त्यामुळे इथे वाढणाऱ्या अळीला घाई असते. पँटाला फ्लेव्हेसेन्स हा पिवळसर चतुर अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास दीड-दोन महिन्यांत उरकू शकतो. काही चतुरांच्या अळ्या मोठ्या होण्यात एकेक वर्ष आणि त्याहून जास्त काळ घालवतात, हे लक्षात घेतले की या वेगाचे मोल कळते.

कासवर पहाटे पोचावे. थंडीत आणि दवात चतुर उडू शकत नाही, कारण उडण्याआधी छातीतले स्नायू तापावे लागतात. गवताच्या पात्याला लटकलेल्या कीटकाच्या डोळ्यांवर दवाचे थेंब साचलेले असतात आणि सूर्य वर येईपर्यंत छायाचित्रकाराला निवांत वेळ मिळतो. या वेळी कात टाकणेही पाहायला मिळते. अळी पात्यावर चढून घट्ट धरते. डोक्यामागे कातडी उलते आणि आतला कीटक डोके खाली सोडून बराच वेळ निपचित लोंबकळतो. पाय घट्ट झाले की तो एका झटक्यात वर वळून आपलीच कात पकडतो आणि शेपटी बाहेर ओढून घेतो. मग चुरगळलेले, ओल्या मलमलीसारखे पंख हळूहळू ताणले जातात. त्या वेळी पाते हलवले किंवा पंखाला बोट लागले, तर पंख वाकडा सुकतो आणि तो कीटक कधीच उडत नाही. एवढ्यासाठी तरी हात मागे ठेवावेत. आणखी एक गोष्ट कासवर सांगावीशी वाटते. चतुराचे चित्र काढायला माणूस पोटावर झोपतो, तेव्हा त्याच्या अंगाखाली दवबिंदू आणि सीतेची आसवे चिरडली जातात. अशा ठिकाणी वाटेवरून लांब पल्ल्याच्या भिंगाने, ३०० किंवा ४०० मिलिमीटरने, जे मिळेल त्यावर समाधान मानावे. माणसांच्या संख्येवरची मर्यादा तिथे उगीच आलेली नाही.

कोल्हापूर आले की बोलणे बदलते. सकाळची मिसळ इथे स्लाइस ब्रेडबरोबर येते, कट वरून लागेल तेवढा मिळतो आणि वाढणारा माणूस शेजारच्या टेबलावरच्या गप्पांत भाग घेतो. आजऱ्याच्या बाजूला भाताची खाचरे लागतात. घनसाळ तांदळाचा हा मुलूख. लोंब्या भरत आलेल्या असतात आणि बांधावर कमरेत वाकून काहीतरी शोधणारा परका माणूस पाहून शेतकरी थांबतो. "काय हुडकालाय पाव्हणं?" चतुर, म्हटल्यावर त्याला आश्चर्य वाटत नाही. तो पलीकडच्या ओघळाकडे हात करतो आणि तिथे जास्त असतात, असे सांगून कामाला लागतो. लहानपणी शेपटीला दोरा बांधून चतुर उडवलेला माणूस महाराष्ट्रात गावोगाव भेटतो. त्या खेळात पुष्कळ चतुर मेले हे खरे, पण ते कुठे बसतात आणि मागून कसे जवळ जावे, हे त्या पिढीला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

खाचरातले पाणी उथळ, उबदार आणि उन्हातले. तिथे न्यूरोथेमिस ट्युलियाचा नर दिसतो. पंखांचा बुंध्याकडचा भाग निळसर काळा, त्यापुढे दुधी पांढरा पट्टा आणि टोक पारदर्शक. काळा आणि पांढरा शेजारी असल्यामुळे उघडीप (एक्स्पोजर) जपून ठरवावी लागते. पांढरा जळू न देता चित्र थोडे गडदच घेतलेले बरे. बांधावरच्या काठीवर हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा ऑर्थेट्रम सबिना बसलेला असतो आणि पुष्कळदा त्याच्या पायांत दुसरा चतुर किंवा टाचणी असते. खाताना तो सहसा लवकर उडत नाही. जबडे भक्ष्याच्या डोक्यापासून सुरुवात करतात आणि गळालेले पंख एकेक खाली पडतात. भाताच्या बुडाशी, गुडघ्याच्याही खाली, अ‍ॅग्रिऑक्नेमिस पिग्मिया ही जेमतेम दोन सेंटिमीटरची टाचणी फिरते. तिच्यासाठी एकास एक मोठेपणा देणारे मॅक्रो भिंग लागते. टाचणीची एक सवय इथे ओळखावी. माणूस जवळ आला की ती उडण्याऐवजी काडीच्या मागे सरकते; शरीर काडीआड आणि दोन डोळे काडीच्या दोन बाजूंनी बाहेर. माणूस वळला की तीही वळते. पाठलाग करू नये. दुसरा हात काडीच्या पलीकडे हळूच नेला, की ती स्वतःहून अलीकडे येते.

चतुराच्या जवळ जाण्याचे शास्त्र त्याच्या डोळ्यांत आहे. मोठ्या चतुराच्या दोन डोळ्यांत मिळून हजारो भिंगे असतात. काही जातींत एका डोळ्यात तीस हजारांपर्यंत. त्याला जवळजवळ चौफेर दिसते आणि आडवी हालचाल फार लवकर कळते. म्हणून समोरून, सरळ रेषेत, बसत-सरकत जावे, अंगाची सावली त्याच्यावर पडू देऊ नये आणि तो उडाला तर तिथेच थांबावे. काठीवर बसणाऱ्या जाती बहुधा त्याच काठीवर परततात. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षा मंद नको, छिद्र आठ ते अकराच्या आसपास आणि दोन्ही कोपर जमिनीला किंवा गुडघ्याला टेकलेले. तिकाटणे चिखलात अडचणच करते, एक पायाची काठी बरी. फ्लॅश वापरायचाच तर त्यावर पांढरा कागद किंवा कापड हवे, नाहीतर चकाकत्या अंगावर पांढरे डाग येतात.

आजऱ्याकडून आंबोलीकडे चढताना हवा ओली होते. सुमारे ७०० मीटर उंचीवरचे हे गाव महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. चहाच्या टपरीवर कांदाभजी, घरगुती जेवणात नाचणीची भाकरी आणि पावसाळी भाज्या. इथे विचारपूस पुण्यासारखी संशयाची नसते आणि कोल्हापूरसारखी कामाचीही नसते. ती माणसाची असते. "खंयसून इलात? जेवलात?" उत्तर मिळाल्यावर मग कॅमेऱ्याकडे बोट जाते. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी कोणीतरी न मागता देते, आणि ती घ्यावी.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या ओढ्यांत पाणी सावलीतले, थंड आणि वाहते आहे. खाचरातल्या जाती इथे सहसा दिसत नाहीत. ओल्या दगडांवर युफिया फ्रेसेराय बसते. काळ्या आणि लाल-केशरी अंगाची, जोराच्या पाण्याशेजारी राहणारी टाचणी. सावलीत व्हेस्टालिसच्या हिरव्या धातूसारख्या चमकदार टाचण्या दोघी-चौघी एकाच झुडपावर. आणि न्यूरोबॅसिस चायनेन्सिस. तिचा नर बसलेला असताना तपकिरी, साधा वाटतो. तो उडाला की मागच्या पंखांची वरची बाजू हिरव्या तेजाने पेटते आणि बसताच विझते. बहुतेक छायाचित्रांत त्यामुळे नुसती मिटलेल्या पंखांची टाचणी येते. प्रतिस्पर्धी नर जवळ आला किंवा तो अंग शेकायला बसला, की क्षणभर पंख उघडतात. तो क्षण हवा असेल तर एकाच दगडासमोर तासभर बसावे लागते. बसलेल्याला मिळतो, ओढाभर फिरणाऱ्याला मिळत नाही.

आंबोलीपासून जवळच चौकुळ आहे. तिथल्या ओढ्यावरून बर्माजॉम्फस चौकुलेन्सिस ही चतुराची जात २०२२ साली शास्त्राला नव्याने कळली आणि गावाचे नाव तिला मिळाले. त्याआधी २०१९ साली सिंधुदुर्गातूनच सेरिआग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी वर्णिली गेली. फ्रेडरिक चार्ल्स फ्रेसर या लष्करी डॉक्टरने ब्रिटिश भारतातल्या चतुर-टाचण्यांवर १९३३, १९३४ आणि १९३६ साली तीन खंड लिहिले, आणि अजूनही अभ्यासक त्यांच्याकडे वळतात. तरी त्यांच्यानंतर नव्वद वर्षे होत आली असताना सह्याद्रीत नव्या जाती मिळत आहेत. यात छायाचित्राचे काम किती, हे नीट समजून घ्यावे. चित्रावरून शंका येते. नवी जात मात्र नमुना हातात घेऊन, नराच्या शेपटीच्या टोकावरचे आकडे आणि जननेंद्रिये तपासूनच सिद्ध होते. म्हणून एकाच कीटकाची किमान तीन चित्रे घ्यावीत: बाजूने, वरून आणि शेपटीच्या टोकाचे जवळून. सुंदर चित्र एक पुरते. ओळख पटायला तिन्ही लागतात.

ज्या दोन प्रकारांनी चांगली चित्रे मिळवली जातात, ते इथे स्पष्टपणे नाकारले पाहिजेत. कीटक पकडून थंड पेटीत ठेवायचा, सुस्त झाला की फुलावर मांडायचा आणि चित्र घ्यायचे, हा एक. मागचे झुडूप कात्रीने छाटून पार्श्वभूमी साफ करायची, हा दुसरा. पहिल्यात चित्र खोटे होते, कारण ती जात त्या फुलावर कधी बसतच नाही. दुसऱ्यात ओढ्याची सावली जाते आणि सावलीवर जगणारी टाचणीही जाते.

घाट उतरताना कानांना दडे बसतात आणि उकाडा परत येतो. सावंतवाडीत जेवणाला कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी. इथून पुढे नद्या रुंद होतात. गोव्यात मोले, बोंडला, म्हादई अशा अभयारण्यांतून वाहणाऱ्या प्रवाहांवर लिबेलागो इंडिकाचे नर ओंडक्यावर हक्क सांगत समोरासमोर तरंगतात. पिवळ्या-काळ्या अंगाची, आखूड शेपटीची ही टाचणी. हक्क ओंडक्यावरच का, याचे कारण असे की मादी पाण्यातल्या कुजक्या लाकडातच अंडी घालते. प्रवाह स्वच्छ करण्याच्या नावाखाली पडलेली झाडे उचलून नेली, तर पाणी निर्मळ दिसते आणि लिबेलागो नाहीशी होते. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. याच राज्यातून २०१३ साली इडिओनिक्स गोमांतकेन्सिस वर्णिली गेली. झाडीच्या अंधारात लटकणाऱ्या आणि संधिप्रकाशात उडणाऱ्या गटातली.

गोव्यातली सकाळ पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलच्या भोंग्याने होते आणि गरम पोई दारात येते. दुपारी दुकाने मिटतात, रस्ते निजतात. देशावरच्या माणसाला दुपारची ही सामसूम आळसाची वाटते, पण पाण्याकाठी उभे राहिले की तिच्यामागचे शहाणपण दिसते. त्याच उन्हात लाल ट्रायथेमिस किंवा क्रोकोथेमिस शेपटी थेट सूर्याकडे उभारून बसतात. असे केल्याने उन्हाखाली येणारे अंग कमीत कमी होते. सावली नसलेल्या काठीवर जागा न सोडता थंड राहण्याचा हा उपाय आहे, आणि छायाचित्राला याहून चांगली ठेवण मिळत नाही. पंखांतून उजेड आरपार यावा म्हणून थोडे विरुद्ध उजेडात बसावे. लाल रंग मात्र कॅमेऱ्यात लवकर ओसंडतो; उघडीप एक पायरी खाली ठेवावी.

खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजन शेतीत, बांधाआड गोडे आणि बाहेर खाडीचे खारे पाणी असते. खारटपणा बहुतेक जातींना सोसत नाही. मॅक्रोडिप्लॅक्स कोरासारखी किनाऱ्याची एखादी जात तो झेलते. या रस्त्यावरचा सर्वांत थोर प्रवासी मात्र सगळ्याच पाण्यांवर भेटतो. कासच्या डबक्यावर दिसलेला पँटाला. पावसाच्या आगेमागे तो भारतभर येतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास किनाऱ्यावर थवे जमू लागतात. मालदीवला राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले, की हे चतुर ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेला जातात. प्रवाळाच्या त्या बेटांवर पृष्ठभागावर गोडे पाणी जवळजवळ नसतेच. म्हणजे ते तिथले रहिवासी असू शकत नाहीत. ये-जा मिळून हे अंतर १४,००० ते १८,००० किलोमीटर भरते आणि ते चार पिढ्या मिळून पार करतात, असा त्यांचा अंदाज आहे. जाणारा चतुर परतत नाही. परततात त्या त्याच्या पुढच्या पिढ्या.

पँटाला क्वचितच बसतो, म्हणून त्याचे उडतानाचे चित्र घ्यावे लागते. मैदानावर किंवा वाळूवर तो एकाच पट्ट्यात पुनःपुन्हा फेऱ्या मारतो. त्या पट्ट्यातल्या एका जागेवर आधीच नेम धरावा, शटर सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून जलद ठेवावे आणि तो तिथे येईपर्यंत कॅमेरा त्याच्याबरोबर वळवत राहावे. शंभरातली नव्वद चित्रे वाया जातात. उरलेल्यांत पंखांचे चार वेगवेगळे कोन दिसतात, कारण चतुर चारही पंख स्वतंत्रपणे हलवू शकतो.

या चित्रांचे पुढे काय करावे, तर ती संगणकात साठवून ठेवू नयेत. आयनॅचरॅलिस्ट आणि ओडोनाटा ऑफ इंडिया ही संकेतस्थळे छायाचित्रांसह नोंदी घेतात आणि जाणकार ओळख तपासून देतात. प्रत्येक चित्राबरोबर गावाचे नाव, तारीख, वेळ आणि पाण्याचा प्रकार लिहावा. किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पँटालाचा थवा दिसला, तर तो कोणत्या दिशेने जात होता आणि वारा कुठून होता, एवढेही टिपावे. मालवण, वेंगुर्ला, पेडणे, काणकोण इथल्या अशा नोंदी अभ्यासकांना हव्या आहेत.